पाहुण्याची गाडी

देगलूरच्या अलीकडे पोलिसानं हात दाखवला. मी गाडी बाजूला घेतली आणि काच खाली करेपर्यंत शेजारी बसलेल्या मामूंनी बोलून टाकलं होतं, "पाहुणे हाव साहेब. लग्नाला चाललोय." पोलिसानं समोरची नंबरप्लेट वाचली, ती तेलंगणाची होती. मग त्यानं आत बघितलं. डोक्यावर ओढणी घेतलेली मी आणि पांढऱ्या टोपीतले मामू. त्याची लगेच खात्री पटली. त्यानं पुढं जायची खूण केली.

लग्न कुणाचंच नव्हतं. मामू हैदराबादला एका कपड्यांच्या दुकानात कामाला आहेत, त्यांच्या मालकानं आपली जुनी गाडी विकायला काढली, फारशी न पळालेली, आणि ती मी घेतली. लातूरच्या दवाखान्यात मी नर्स आहे. घर कंधारला. शनिवारी ड्युटी सुटल्यावर निघायचं तर अहमदपूरला पुढची बस मिळेलच याचा भरवसा नाही, आणि अहमदपूरच्या स्टँडवर बसून मी इतके शेंगदाणे खाल्लेत की तिथला शेंगदाणेवाला मला दुरून बघून पुडी बांधायला घेतो. म्हणून गाडी. लग्न मी केलं नाही, त्यामुळे घेऊ की नको हे विचारायलाही कुणी नव्हतं. माझ्या पैशांनी, माझ्या नावानं घेतलेली आमच्या घराण्यातली पहिली चारचाकी घेऊन मी माझ्याच जिल्ह्यात शिरत होते, आणि शिरत होते ती पाहुणी म्हणून.

मामू खुशीत होते. बघ, किती सोपं आहे, म्हणाले. त्यांचं म्हणणं असं, की महाराष्ट्राचा कर भरायची गरजच काय? गाडी त्यांच्या हैदराबादच्या पत्त्यावर ठेवायची, नंबर तिकडचाच राहू द्यायचा, आणि कुणी विचारलं तर पाहुण्याची आहे म्हणायचं. सीमेवरच्या गावांत कितीतरी लोक हेच करतात. इकडच्या लेकी तिकडे दिलेल्या, तिकडच्या इकडे आलेल्या, त्यामुळे पाहुणा हा शब्द इथे कुठेही खपतो. त्यात आमच्यासारख्यांना तर पुरावाही लागत नाही. मुसलमान म्हटलं की हैदराबादला नातेवाईक असणारच, हे सगळ्यांनी धरलेलंच असतं.

त्याची गंमत मला तेव्हा वाटली, हे खरं. घरी पोचल्यावर चहा पिता पिता मी अम्मी-अब्बांना पोलिसाचा किस्सा रंगवून सांगितला. अम्मी हसली. अब्बा हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला, बाहेर जाऊन गाडीभोवती एक फेरी मारली, नंबरप्लेटसमोर थोडा वेळ उभे राहिले आणि आत येऊन म्हणाले, गाडी चांगली आहे, पण मी हिच्यात बसणार नाही.

अब्बांबद्दल आधी सांगायला हवं. ते पेंटर. चित्रं काढणारे नव्हेत, अक्षरं लिहिणारे. कंधारच्या स्टँडजवळ पत्र्याच्या एका टपरीत त्यांनी जन्म काढला. दुकानांचे बोर्ड, शाळेच्या भिंतींवरचे सुविचार, सोसायट्यांच्या पाट्या, पण पोट भरलं ते नंबरप्लेटवर. मोटारसायकल, जीप, ट्रॅक्टर, ट्रॉली. एमएच सव्वीस ही नांदेड जिल्ह्याची अक्षरं त्यांनी किती वेळा लिहिली असतील, ते त्यांनाही सांगता येणार नाही. आमच्या घरात मुळाक्षरांच्या आधी मला एम आणि एच यायला लागले. एम काढताना मधलं टोक खालच्या रेघेला टेकवायचं नाही, नाहीतर अक्षर बसल्यासारखं दिसतं, हे मी शाळेत जायच्या आधी शिकले होते. पुढे रेडियमचे स्टिकर आले, त्यांनी निम्मं काम नेलं. मग सरकारी नंबरप्लेट आली, कारखान्यातून ठोकून येणारी, चकाकणाऱ्या शिक्क्याची, आणि गाड्यांचा नंबर हातानं लिहिणं संपलंच. अब्बांनी त्याचं रडगाणं कधी गायलं नाही. ट्रॉल्यांच्या फळ्या रंगवायला अजून लोक येतात, म्हणायचे.

एवढे नंबर लिहिले आणि स्वतःची सायकलच. म्हणून गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी एकच मागणी केली होती, नंबर आपला पाहिजे. लातूरच्या माझ्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, भाड्याच्या खोलीचा पत्ता दे, लातूरचा चोवीस घे, रोजच्या कामाला सोपं पडेल. अब्बांना मी ते सांगितल्यावर त्यांनी असं तोंड केलं, जणू मी आडनावच बदलायला निघाले होते. मी कंधारचाच पत्ता दिला, आणि हैदराबादहून ना-हरकत दाखला नांदेडच्या आरटीओ कार्यालयाच्या नावानं काढून आणला. पण मामूंचं ऐकून माझंही मन थोडं डळमळलं होतं. कर गाडीच्या किमतीवर आणि वयावर बसतो, तो काही थोडाथोडका नव्हता. गच्चीवर एक खोली बांधायची म्हणून मी जे बाजूला ठेवलं होतं, ते त्यात जाणार होतं. दाखला पडून राहू दे थोडे दिवस, असं मी अब्बांना सुचवून बघितलं.

अब्बा रागावले नाहीत. घरात आम्ही दखनी बोलतो, पण त्या दिवशी ते मराठीत बोलले, दुकानातल्यासारखं.

"मला बी लोक इचारतात, तुम्ही मूळचे हैदराबादचे का? शाळेचा बोर्ड लिवायला गेलो की नवा मास्तर इचारतो. सत्तर वर्सं मी एकच उत्तर देऊन राहिलो. आता दारात उभी राहून तुझी गाडीच सांगणार का, की हे पाहुणे हायत म्हणून?"

त्यांच्या दृष्टीनं प्रश्न कराचा नव्हताच. सरकारला पैसे देणं म्हणजे आम्ही इथले आहोत याची पावती घेणं होतं. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त त्यांचा अभिमान वाटला, आणि गच्चीवरच्या खोलीला मी मनातल्या मनात सलाम केला. त्याच रात्री मोबाईलवरून कर भरला. पावती आली ती अब्बांना दाखवली. त्यांनी ती चष्मा लावून, चष्मा काढून, दोन्ही प्रकारे वाचली.

इथवर सगळं ठीक होतं. गोंधळ झाला तो नंतर, आणि तो घातला अब्बांनी.

कर भरला म्हणजे नंबर मिळाला, असं नसतं. गाडी नांदेडच्या कार्यालयात नेऊन निरीक्षकाला दाखवावी लागते. दाखल्यावरचा नंबर, गाडीवरचा नंबर आणि सांगाड्यावर कोरलेला नंबर हे तिन्ही जुळतात का ते तो बघतो, आणि त्यानंतर नवा नंबर. तपासणीची तारीख घेऊन मी सोमवारी बसनं लातूरला गेले. गाडी कंधारला दारात उभी होती. शनिवारी परत आले आणि गल्लीत शिरल्या शिरल्या मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. जवळ गेले तर गाडीला पुढे नंबर नाही, मागे नंबर नाही. जिथे नंबरप्लेट होत्या तिथली जागा ओल्या फडक्यानं पुसून लख्ख केलेली.

आत अंगणात वर्तमानपत्रावर दोन पत्रे वाळत ठेवले होते. दोन्हींवर लाल प्रायमरचा हात मारलेला.

अब्बांनी मला समजावून सांगितलं ते इतक्या शांतपणे, की मला आधी भांडायचंही सुचलं नाही. नवं लिहायच्या आधी जुनं खरवडायचं, ही त्यांच्या धंद्याची पहिली रीत. जुन्या रंगावर नवा रंग धरत नाही, महिन्यात पोपडे येतात. जन्मभर त्यांच्याकडे गाडी आली की पहिलं काम खरवडायचं. कर भरला, पावती आली, म्हणजे आपलं गिऱ्हाईक नक्की झालं, मग जुना नंबर कशाला ठेवायचा? नंबरप्लेट धरून ठेवणारे रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवलेले खिळे, एकदाच बसणारे असतात, सहज निघत नाहीत, म्हणून शेजारच्या वेल्डरकडून ड्रिल आणून त्यांनी ते काढले होते. आणि चांगला पत्रा टाकून द्यायचा नसतो, म्हणून प्रायमर. कुणाच्या तरी दुकानाला बाणाची पाटी करता आली असती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी खूप बोलले. दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना बोलते तशी बोलले, म्हणजे आवाज न चढवता, पण एकही शब्द वाया न घालवता. नंबर नसलेली गाडी रस्त्यावर काढता येत नाही. सरकारी नंबरप्लेट अशी काढता येत नाही. निरीक्षक विचारेल तेव्हा गाडी चोरीची नाही हे आपण कशावरून सांगणार? अब्बा ऐकत गेले आणि माझं बोलणं संपता संपता त्यांचा चेहरा उतरला. आपल्या हातून नेमकं काय झालंय, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. हैदराबादला परतलेल्या मामूंना फोन केला तर ते पोट धरून हसले आणि म्हणाले, गाडी टेम्पोत घालून परत पाठवून दे, इकडे विकून टाकतो, डोक्याला ताप नको. अब्बांना फोनमधलं ते सगळं ऐकू गेलं. त्यांनी टर्पेंटाईनची बाटली काढली.

प्रायमर अजून पुरता वाळला नव्हता. अंगणात पाटावर बसून, कापसाच्या बोळ्यानं, ते लाल रंगाखालून एकेक अक्षर बाहेर काढत होते. ज्या माणसानं सगळी हयात दुसऱ्यांचे नंबर खरवडले, तो आज तेलंगणाचा टी आणि एस जपून, कडेकडेनं, बाळाचं तोंड पुसावं तसा पुसत होता. चकाकणाऱ्या शिक्क्याला ओरखडा पडू नये म्हणून तिथे त्यांनी बोळाही वापरला नाही, बोटानं काढलं. अम्मी जाता येता बघत होती. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, माझ्या लग्नातलं तांब्याचं भगोनं कधी इतक्या मायेनं घासलं नाही तुम्ही. अब्बा हसले आणि मग मलाही हसू आलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही पाट्या साफ झाल्या. खाचांमध्ये थोडी लाली राहिली, ती निघेना. त्यांनी त्या स्क्रूनं जागेवर बसवल्या. रिव्हेटची भोकं मोठी झाली होती, ती झाकली गेली नाहीत.

तपासणीच्या दिवशी मी अब्बांना म्हटलं, मी एकटी जाते, मी बोलते. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. चूक मी केली, जबाब मी देणार. बरं, मग बसा गाडीत. तर तेही नाही. पाहुण्याच्या गाडीत बसायचं नाही म्हणजे नाही. अम्मीनं बांधून दिलेला खिचडीचा डबा गाडीत ठेवला आणि ते स्वतः स्टँडवर जाऊन नांदेडच्या बसमध्ये बसले. पुढे मी गाडीत एकटी, मागे लाल बसच्या खिडकीत अब्बा. वाटेत लोहा गावापाशी बसनं मला मागे टाकलं तेव्हा त्यांनी खिडकीतून हात केला, तोही अगदी गंभीरपणे. इतकी हट्टी माणसं मी दवाखान्यातसुद्धा फार पाहिली नाहीत.

कार्यालयाच्या मैदानात गाड्यांची रांग होती. निरीक्षक माझ्याहून वयानं लहान, उन्हानं वैतागलेला, पण बोलायला नीट. त्यानं दाखला बघितला, पावती बघितली, खाली वाकून सांगाड्याचा नंबर बघितला. ते सगळं जुळलं. मग तो नंबरप्लेटपाशी आला आणि तिथेच थांबला. स्क्रूला हात लावून बघितला. खाचेतल्या लाल रंगावरून नख फिरवलं.

"ही कुणी काढली होती?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. पार्किंगमध्ये मागून कुणीतरी ठोकली, वाकली म्हणून गॅरेजवाल्यानं काढली, असं मी लोह्यापासून पाठ करत आले होते. अब्बा माझ्या पुढे आले.

"मी काढली साहेब. पेंटर हाय मी. नवा नंबर लिवायच्या आदी जुना खरवडायचा, ही सवय हाय हाताला. आता आपण नंबर लिवत न्हाई, हे ध्यानातच राहिलं न्हाई."

निरीक्षक त्यांच्याकडे बघत राहिला. खोटं बोलायला निघालेली मी शिकलेली बाई, आणि माझ्या देखत माझे वडील आपली चूक आपल्या तोंडानं सांगत होते, मान ताठ ठेवून. त्या क्षणी फाईल बाद झाली असती तरी मला वाईट वाटलं नसतं. खरं सांगते, वाटलंच नसतं.

फाईल बाद झाली नाही. मागच्या-पुढच्या पाट्यांवर कोरलेले बारीक क्रमांक त्यानं कार्यालयाच्या संगणकावर तपासून आणले, ते त्याच गाडीचे निघाले. पण नंबरप्लेट काढल्याचा दंड भरावा लागेल, म्हणाला, आणि काय झालं ते लेखी द्या. दंड अब्बांनी मला भरू दिला नाही. तो त्यांनी ट्रॉलीच्या फळ्यांच्या कमाईतून भरला. मग भिंतीपाशी कागद धरून ते अर्ज लिहायला उभे राहिले. मी गाडीत बसून खिचडी खाल्ली, पाणी प्यायले, तरी त्यांचं चालूच. निरीक्षक बाकीच्या गाड्या उरकून परत आला, तर अब्बांचं अजून 'विनंती' चाललं होतं. वेलांटी त्यांना मनासारखी जमली नव्हती.

"चाचा," तो म्हणाला, "अर्ज लिवा म्हटलं, बोर्ड न्हाई."

पण कागद हातात घेतल्यावर त्यानं तो लगेच फाईलला लावला नाही. थोडा वेळ लांब धरून बघितला. मग सही केली.

अब्बा बसनंच परत गेले.

नवी नंबरप्लेट यायला काही दिवस लागले. ती बसवायला पुन्हा नांदेडला जायचं होतं, आणि पुन्हा मी गाडीत, अब्बा बसमध्ये. पाट्या बसवणाऱ्या पोरानं जुन्या काढल्या, नव्या लावल्या, आणि हातातल्या यंत्रानं रिव्हेट ठोकले. कुठलं खरवडणं नाही, आखणी नाही, वाळायला ठेवणं नाही. अब्बा हात पाठीमागे बांधून उभे होते. एमएच सव्वीस आणि पुढे आमचा नंबर. मी त्यांच्याकडे बघत होते, कारण मला भीती वाटत होती. आयुष्यभर ज्यांची वाट बघितली ती अक्षरं शेवटी कुणाच्याच हातची नव्हती, यंत्राची होती. ते खाली वाकले. चष्मा लावून बघितलं, मग काढून बघितलं. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यात दोन अक्षरांमधलं अंतर मोजलं.

"अंतर बरोबर ठेवलंय," म्हणाले. दुसऱ्याच्या कामाची याहून मोठी तारीफ त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेली नाही.

मग त्यांनी चपला काढल्या. मी म्हटलं, अब्बा, गाडीत चपला चालतात. त्यांनी त्या झटकून परत घातल्या आणि पुढच्या सीटवर बसले. पट्टा कसा लावायचा ते दाखवावं लागलं. नांदेड सुटलं. दोन्ही हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखे बसले होते. मला त्यांच्याकडे वळून बघायचं होतं आणि रस्ता सोडवत नव्हता. माझ्या वडिलांना मी माझ्या गाडीतून घरी नेत होते, कुणाचीही पाहुणी न होता.

लोह्याच्या चौकात एक पोलीस सावलीला उभा होता. माझा पाय सवयीनं ब्रेककडे गेला. पोलिसानं आमची नंबरप्लेट बघितली आणि नजर दुसरीकडे वळवली. हात दाखवला नाही. मी पुढे निघाले तर अब्बा म्हणाले, थांब. मला वाटलं त्यांना काही होतंय. मी गाडी कडेला घेतली. त्यांनी काच खाली करायचं बटण शोधलं, चुकीचं दाबलं, मग बरोबर दाबलं, आणि मान बाहेर काढून पोलिसाला हाक मारली.

तो जवळ आला. "काय झालं चाचा?"

"गाडी इथलीच हाय साहेब. कंधारची."

पोलीस गोंधळला. त्यानं माझ्याकडे बघितलं, पाटीकडे परत बघितलं. "मग? मी कुठं काय इचारलं तुमाला?"

"न्हाई इचारलं," अब्बा म्हणाले. "म्हणूनच सांगितलं."

आणि मला म्हणाले, चल. मी गिअर टाकला. बाहेर ऊन होतं, धूळ येत होती, मी दोनदा सांगून बघितलं, पण कंधार येईपर्यंत त्यांनी ती काच वर केली नाही.